कंपनी तीच, काम दुसरे

नोकरीविषयक प्रश्नोत्तरे

या महिन्याच्या पत्रांपैकी सहा पत्रे निवडली आहेत. सहाही जण मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत आहेत आणि कुणालाही कंपनी सोडायची घाई नाही. अडचण कामाची आहे. कंपन्यांची आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : फर्मागुढीच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स केले आणि वेर्ण्यातल्या एका बहुराष्ट्रीय कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागलो. सहा वर्षे झाली. कंपनी बरी आहे, बोरीच्या पुलावरून घरून जाऊन-येऊन होते. आता क्लाउडच्या कामात शिरायचे आहे. आयजेपीवर, म्हणजे कंपनीतल्या जागांच्या अंतर्गत पोर्टलवर, तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा 'प्रोफाइल जुळत नाही'. मित्र म्हणतात, पात्रांव, बाहेर उडी मार. माझे काय चुकते? (फोंडा)

उत्तर : दोन गोष्टी चुकतात. अर्ज उशिरा जातो आणि उडी लांबची पडते.

आधी उशीर. अंतर्गत पोर्टलवर जागा दिसते तेव्हा ती बऱ्याचदा अर्धी भरलेली असते. मॅनेजरला जागा मंजूर झाली की तो आधी ओळखीच्यांना विचारतो, 'तुमच्याकडे कुणी आहे का?' त्यानंतर नियमाप्रमाणे जाहिरात टाकतो. यात लबाडी नसते. चुकीचा माणूस घेतला तर मंजूर झालेली जागा वर्षभर अडकते, म्हणून तो ज्याचे काम कुणीतरी पाहिले आहे त्याला पुढे घेतो. तुमचे काम तुमच्या टीमबाहेर कुणी पाहिलेले नाही, हे तीन नकारांचे खरे कारण असण्याची शक्यता जास्त. 'प्रोफाइल' हा एचआरचा सभ्य शब्द.

आता उडी. नोकरीत तीन गोष्टी असतात : तंत्र, भूमिका आणि विषय. म्हणजे कशाने काम करता, काय करता आणि कोणासाठी करता. तिन्ही एकदम बदलायला गेलात तर तुम्ही फ्रेशरच्या रांगेत उभे राहता, पण पगार सहा वर्षांचा. कुठला मॅनेजर घेईल? एका वेळी एक बदला, फार तर दोन. टेस्टिंगमधून क्लाउडकडे जाणारी सरळ वाट अशी : आधी टेस्ट ऑटोमेशन, मग बिल्ड आणि रिलीजची पाइपलाइन, मग रिलायबिलिटीची टीम, म्हणजे चालू यंत्रणा पडू न देणारे लोक, आणि तिथून प्लॅटफॉर्म, म्हणजे बाकीच्या टीमसाठी क्लाउडची पायाभूत सोय उभारणारी टीम. प्रत्येक मुक्कामाला दीड-दोन वर्षे धरा. रिलायबिलिटीवाल्यांना नवे फीचर लिहिणाऱ्यापेक्षा 'हे कुठे मोडेल' असा विचार करणारा माणूस हवा असतो, आणि तुम्ही सहा वर्षे तेच करत आहात. अर्जात मात्र तुम्ही प्रोजेक्टची सांकेतिक नावे लिहिली असणार. ती दुसऱ्या विभागात कुणाला कळत नाहीत.

सुरुवात सध्याच्याच खुर्चीतून करा. लिनक्स, कंटेनर (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह बांधलेला डबा), ते सांभाळणाऱ्या कुबरनेटीजची तोंडओळख, कोड लिहून सर्व्हर उभे करणारे टेराफॉर्म आणि एक कोणताही क्लाउड, एवढ्याला रोज तासभर दिला तर तीन-चार महिने लागतात. सरावासाठी स्वतःचे खाते उघडाल तर पहिल्याच दिवशी खर्चाचा इशारा लावा. सर्व्हर बंद केला म्हणून निश्चिंत झालेल्यांना बिल येते ते मागे राहिलेल्या डेटाबेसचे आणि नॅट गेटवेचे, म्हणजे आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणाऱ्या वाटेचे. हा गेटवे रिकामा असला तरी तासावर पैसे घेतो. सर्टिफिकेट असावे, पण त्याने फक्त बोलणे सुरू होते.

मग शिकलेले आपल्याच टेस्टवर वापरा. समजा तुमचा रिग्रेशन संच, म्हणजे नव्या बदलाने जुने काही मोडले नाही ना हे पाहणाऱ्या टेस्ट, रात्रभर, नऊ तास चालतो. तो कंटेनरमध्ये घालून आठ तुकड्यांत एकाच वेळी चालवला तर दीड-दोन तासांत संपायला हवा. पहिल्यांदा तो संपणार नाही, फुटेल. कारण बहुधा एकच : एक टेस्ट दुसरीने तयार केलेल्या नोंदीवर जगत असते, किंवा दोन टेस्ट एकाच नोंदीवर लिहितात. प्रत्येक टेस्टने आपला डेटा स्वतः तयार करावा आणि स्वतःच पुसावा, एवढी शिस्त लावायला महिना जातो. पण शेवटी हातात एक वाक्य येते, 'नऊ तासांचे दोन तास केले, खर्च इतका वाढला'. खर्चाचा आकडा गाळू नका. क्लाउडची माणसे पहिला प्रश्न तोच विचारतात.

आता दोन किंवा तीन टीम निवडा. त्यांचे डिझाइन दस्तऐवज आणि बिघाडांचे अहवाल कंपनीच्या आत बहुधा खुले असतात, ते वाचा. मग तिथल्या एखाद्या ज्येष्ठ अभियंत्याकडे वीस मिनिटे मागा. जागा आहे का, हे विचारू नका. विचारा : गेल्या सहा महिन्यांत रात्री कशामुळे उठावे लागले, आणि कोणते काम सगळ्यांना हवे असूनही कुणी हातात घेत नाही? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून छोटे काम मिळते : अधूनमधून उगाच फुटणारी टेस्ट, जुनी झालेली कार्यपुस्तिका, अर्थहीन इशाऱ्यांची साफसफाई. आठवड्याला दोन-तीन तास, तीन महिने. आपल्या मॅनेजरला सांगून करा. लपवलेले काम कौतुक म्हणून कधीच परत येत नाही, तक्रार म्हणून येते.

मॅनेजरला बदलीचे कधी सांगायचे, यावर लोक फार झोप घालवतात. आधी धोरण वाचा. बऱ्याच कंपन्यांत सध्याच्या भूमिकेत १२ किंवा १८ महिने पूर्ण हवेत, रेटिंग ठराविक पातळीखाली नको, आणि मॅनेजरला अर्जाच्या वेळी किंवा निवड झाल्यावर सूचना जाते. सूचना जाण्याआधी तुम्हीच सांगा, आणि सांगताना तुमची जागा कोण, किती दिवसांत घेईल याचा कागद सोबत न्या. 'हा रिलीज होऊ दे, मग बघू' हे उत्तर ठरलेले असते. त्यावर तारीख मागा आणि ती ईमेलवर घ्या. चार ते आठ आठवडे वाजवी आहेत. तारीख नसलेला होकार पुढच्या रिलीजपर्यंत ढकलला जातो आणि रिलीज तर दर तीन महिन्यांनी असतो.

शेवटचा खड्डा अप्रेझलचा. रेटिंग ठरण्याच्या तोंडावर बदललात तर नवा मॅनेजर तुम्हाला ओळखत नाही आणि जुन्याला तुमच्यासाठी भांडायचे कारण उरत नाही. मधल्या मध्ये तुमचे रेटिंग सरासरीवर येते. निकाल लागल्यानंतरचे सहा आठवडे बदलीला उत्तम. वर्षाच्या मध्येच जायची वेळ आली तर जुन्या मॅनेजरचा अभिप्राय शेवटच्या दिवसाआधी सिस्टममध्ये नोंदवून घ्या, तोंडी नको. आणि चौथा अर्ज निदान सहा महिने करू नका. आधीचे तीन भरती करणाऱ्याला बहुधा दिसतात.

प्रश्न : कंपनीत ४ वर्षे ८ महिने झाले. बाहेरून ३० टक्के वाढीची ऑफर आहे. आतही दुसऱ्या विभागात जागा मिळते आहे, पण पगार तोच. ग्रॅच्युइटीसाठी थांबावे का? (मडगाव)

उत्तर : ग्रॅच्युइटीसाठी थांबायचे की नाही हे भावनेने ठरवू नका, दहा मिनिटांचा हिशेब आहे. शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षे. वेतन म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. ते ६०,००० धरले तर एका वर्षाचे ३४,६१५ रुपये आणि पाच वर्षांचे सुमारे १,७३,००० होतात. पाच वर्षांनंतर शेवटचे सहा महिन्यांहून अधिक झाले तर ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे १२ वर्षे ७ महिने ही १३ वर्षे, आणि रक्कम बरोबर ४,५०,०००. करमाफीची मर्यादा २० लाख. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांची अट आहेच. वेतनाची व्याख्या मात्र रुंदावली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष रक्कम वरच्या हिशेबापेक्षा जास्त भरू शकते.

तुमच्या बाबतीत गंमत नोटीस पिरियडची आहे. नोटिशीचे दिवस नोकरीतच मोजले जातात. तीन महिन्यांची नोटीस असेल आणि आज राजीनामा दिला तर शेवटचा दिवस ४ वर्षे ११ महिन्यांवर पडतो. एकच महिना कमी! म्हणून राजीनामा पाच आठवड्यांनी द्या किंवा नव्या कंपनीकडून रुजू होण्याची तारीख तेवढी पुढे घ्या. आणि नवी कंपनी 'आम्ही नोटीस विकत घेतो', म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून तुम्हाला लवकर सोडवतो, असे म्हणाली तर सावध राहा. नोटीस विकली की नोकरीचे दिवसही कमी होतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पुरे, असे ऑफिसात सांगतात. त्याच्या बळावर राजीनामा देऊ नका, एचआरकडून लेखी घ्या.

भविष्यनिर्वाह निधीची भीती नको. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, रक्कम वर्ग करा, काढू नका. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या रकमेवर कर बसतो, आणि वर्ग केली तर आधीच्या कंपनीतली वर्षेही मोजली जातात. पेन्शनच्या हक्कासाठी एकूण दहा वर्षे लागतात.

कंपनीचे शेअर मिळत असतील तर खरी बेरीज तिथे आहे. मिळायचे बाकी असलेले शेअर राजीनाम्याबरोबर जातात, तेव्हा पुढच्या बारा महिन्यांत किती हातात येणार होते ते मांडून ३० टक्क्यांतून वजा करा. शेअर ज्या दिवशी तुमच्या नावावर होतात त्या दिवसाच्या किमतीवर ते पगार म्हणून करपात्र ठरतात. नंतर विकताना त्यावरचा नफा वेगळा. परदेशी शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तर दीर्घकालीन, कर १२.५ टक्के. लोक चुकतात ते विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात. तो आर्थिक वर्षाने नव्हे, ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाने भरायचा असतो, आणि एकही शेअर विकला नसला तरी भरायचा असतो. अमेरिकी शेअरच्या लाभांशावर तिथे २५ टक्के कापले जातात, पण त्यासाठी ब्रोकरकडे तुम्ही भारतीय रहिवासी असल्याचा फॉर्म हवा. नसेल तर ३० टक्के.

आता आतल्या जागेबद्दल. आत बदलताना पगार बहुधा हलत नाही, पण बँड, म्हणजे पदाची पातळी, हलू शकतो. नवे काम वरच्या बँडचे असेल तर होकार देण्याआधी बँड मागा. 'आधी या, वर्षभरात करून देऊ' हे सांगणारा मॅनेजर वर्षभरात दुसरीकडे गेलेला असतो.

प्रश्न : मला गोवा सोडायचा नाही. आमच्या ऑफिसात नव्वद माणसे, तीनच टीम. सगळे चांगले काम बेंगळुरू आणि पुण्यात. (साखळी)

उत्तर : नव्वद माणसांच्या ऑफिसात तीन बदल्यांनंतर चौथी खुर्चीच नसते. तेव्हा खुर्ची गोव्यात आणि रिपोर्टिंग बाहेर, हाच मार्ग. त्यासाठी कामही तसे निवडा. ज्या टीमचे निर्णय कागदावर होतात, डिझाइन लिहून चर्चेला टाकतात, तिथे दूरचा माणूस टिकतो. ज्या टीमचे निर्णय चहाच्या टपरीवर होतात तिथे तो टिकत नाही, मग मॅनेजर कितीही चांगला असो. मुलाखतीत विचारा : गेल्या तिमाहीतला एक मोठा निर्णय दाखवा, तो कुठे लिहिला आहे? दाखवता आला नाही तर समजून जा. आणि टीममध्ये बाहेरगावचे तुम्ही एकटेच असाल तर दुसरीकडे बघा. दोघे-तिघे असले की बैठका आपोआप ऑनलाइन नीट चालतात.

बदलीच्या पत्रात कामाचे ठिकाण गोवा असे स्पष्ट हवे. 'हायब्रिड' हा शब्द ठिकाण नव्हे. दोन वर्षांनी कुणीतरी नवा उपाध्यक्ष येतो आणि सगळ्यांनी आठवड्यात तीन दिवस टीमच्या शहरात बसावे असे फर्मान निघते. तेव्हा बोलतो तो फक्त हा कागद. पहिले चार ते सहा आठवडे मात्र बेंगळुरूत जाऊन बसाच आणि पुढे दर तिमाहीला आठवडाभर जा. प्रवास-राहण्याचा खर्च कोणाच्या बजेटातून, हे आधी ठरवून घ्या.

घरून काम असेल तर पावसाळा ध्यानात ठेवा. वीज जाते ती दर वेळी पाच मिनिटांसाठी जात नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. म्हणून राउटर आणि फायबरचा डबा छोट्या यूपीएसवर घ्या, आणि दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीची, शक्यतो मोबाइलवरची ठेवा. एकाच खांबावरून आलेल्या दोन केबल एकाच फांदीखाली तुटतात. ऑन-कॉलची, म्हणजे यंत्रणा बिघडली की कधीही हजर व्हायची, पाळी असेल तर हे चैनीचे नाही.

आणि चवथ. बेंगळुरूच्या कॅलेंडरात गणेश चतुर्थीची सुट्टी एक दिवसाची. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्यापासून विसर्जनापर्यंतचे तुमचे दिवस जूनमध्येच टीमच्या कॅलेंडरावर टाका आणि बदल्यात दिवाळीतली ऑन-कॉल पाळी घ्या. ऑगस्टमध्ये मागितलेली रजा अडचण ठरते.

प्रश्न : बाळंतपणाच्या रजेवरून परतले तर टीम मोडलेली. बँड तोच, पण डेव्हलपमेंटऐवजी सपोर्टचे काम दिले आहे, रात्रपाळीसह. आता वर्षभर बदली मागता येणार नाही म्हणतात. (डिचोली)

उत्तर : बदलीच्या आधी ही गोष्ट सोडवा. २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेच्या काळात नोकरीच्या अटी तुमच्या तोट्यात बदलता येत नाहीत, हे आधी प्रसूती लाभाच्या कायद्यात होते आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. रजेआधीची भूमिका, आताची भूमिका, पाळीची वेळ, हे चार ओळींत लिहून एचआरला ईमेल करा. स्वर तक्रारीचा नको, विचारणेचा ठेवा : 'ही तात्पुरती व्यवस्था आहे का, असल्यास कोणत्या तारखेपर्यंत?' तात्पुरती म्हणाले तर भूमिका बदललेली नाही, मग बारा महिन्यांचे घड्याळ रजेआधीच्या तारखेपासून चालते, हे त्याच ईमेलमध्ये मान्य करून घ्या. कायमची म्हणाले तर वरिष्ठ एचआर, आणि तिथे नाही भागले तर वकील. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही आहे. ती मागायला लाजू नका.

प्रश्न : वय ४१, पंधरा वर्षे एकाच कंपनीत, टेक लीड. मॅनेजर व्हा म्हणतात. कोड सुटेल याची भीती वाटते. (वास्को)

उत्तर : आधी बघा, तुमच्या कंपनीत तांत्रिक शिडी, म्हणजे मॅनेजर न होता अभियंता म्हणूनच वर चढायची वाट, खरी आहे की फक्त तक्त्यावर. मोठ्या कंपन्यांत ही शिडी जुनी आहे. आयबीएमने फेलो ही अभियंत्यांसाठीची सर्वोच्च पदवी १९६२ मध्येच सुरू केली. खरेखोटे करायची पद्धत सोपी आहे : तुमच्या वरच्या दोन तांत्रिक पातळ्यांवर, भारतात, आज किती माणसे आहेत ते कंपनीच्या डिरेक्टरीत मोजा. मॅनेजर चाळीस आणि त्या पातळीचा अभियंता एक असेल तर शिडी नाही, तसबीर आहे.

खरी असेल तर त्या पातळीची बढती मॅनेजर एकटा देत नाही, समिती देते, आणि समितीला तुमच्या टीमबाहेरचा परिणाम दिसावा लागतो. दोन-तीन टीमनी स्वीकारलेले डिझाइन, बंद केलेली एखादी जुनी यंत्रणा, ज्यांना घडवले ते अभियंते. हे कागद जमवायला नऊ ते बारा महिने लागतात, तेव्हा बढतीच्या फेरीआधी एक महिना जागे होऊन उपयोग नसतो.

मॅनेजरकी आवडेल की नाही हे सांगता येत नसेल तर चाखून बघा. सहा महिने तिघांची जबाबदारी, त्यांच्या अप्रेझलसह. अप्रेझल नसेल तर ती मॅनेजरकी नव्हेच. त्याआधी लेखी विचारा : परत फिरलो तर पातळी तीच राहील का? थेट माणसे आठाच्या पुढे गेली की कोड सुटतोच, उगाच स्वतःची समजूत घालू नका.

लोक सत्या नाडेलांचा दाखला देतात : १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले, व्यावसायिक सॉफ्टवेअर, सर्च, सर्व्हर, क्लाउड असे फिरत २०१४ मध्ये सीईओ झाले. अरविंद कृष्ण १९९० मध्ये आयबीएमच्या संशोधन विभागात, २०२० मध्ये सीईओ. एन. चंद्रशेखरन १९८७ मध्ये टीसीएसमध्ये, २००९ मध्ये प्रमुख. दाखले खरे आहेत. पण त्यांतून घ्यायचे ते शेवटचे पद नव्हे, मधले थांबे घ्यायचे. नाडेला सर्चमध्ये गेले तेव्हा मायक्रोसॉफ्ट त्या शर्यतीत मागे होती. पण अवाढव्य प्रमाणावर अखंड चालणारी सेवा कशी उभी करायची, हे शिकायला ती जागा चांगली होती, आणि क्लाउडमध्ये नेमके तेच लागले.

प्रश्न : कंपनी अमेरिकेत पाठवायला तयार आहे. माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट काढण्याचा पर्यायही आहे. कोणते आधी करू? (म्हापसा)

उत्तर : एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी आहेत. कंपनीतून बदलीसाठी एल-१ व्हिसा असतो. त्याला सोडत नसते, पण मागच्या तीन वर्षांत एक सलग वर्ष त्याच कंपनीसाठी अमेरिकेबाहेर काम केलेले हवे. मॅनेजरना कमाल सात वर्षे, विशेष ज्ञानाच्या अभियंत्याला पाच. या व्हिसावर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. तिथे कपात झाली तर हातात फार थोडे दिवस उरतात, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. जोडीदाराला मात्र काम करता येते.

पोर्तुगीज नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. गोव्यातली नोकरी, जमीन, मतदान, सगळ्याचा विचार त्यात येतो. बदलीच्या सोयीसाठी करायची ही गोष्ट नव्हे. वकिलाशी बोला, एजंटाशी नको.

जाण्याआधी एक कागद नीट वाचा. तुम्हाला डेप्युटेशनवर पाठवत आहेत की तिथल्या कंपनीत वर्ग करत आहेत? डेप्युटेशनमध्ये भारतातली नोकरी चालू राहते, ग्रॅच्युइटीची वर्षेही. वर्ग केले तर इथे तांत्रिकदृष्ट्या राजीनामा होतो, हिशेब मिटतो, आणि परतल्यावर मोजणी शून्यापासून. तसे असेल तर 'सेवेचे सातत्य धरले जाईल' हे वाक्य पत्रात घालून मागा. सामाजिक सुरक्षेचा करार भारताचा पोर्तुगालशी आहे, जर्मनीशी आहे, जपानशी आहे, अमेरिकेशी नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी कापलेली रक्कम इथल्या पीएफमध्ये जमा होत नाही. पगाराची बोलणी करताना ती कपात धरूनच आकडा मागा.